ठसा बदलला आहे

पहिल्या दिवशी आत्याचं घोडं अडलं एका शब्दावर.
यंत्र विचारत होतं: हे ठिकाण ओळखीचं नाही,
हा त्याच्या बोटाचा ठसा. नक्की पुढे जायचं?
आत्यानं टाइप केलं, 'सी'.
यंत्र म्हणालं, 'येस' लिहा किंवा 'नो'.
पुन्हा 'सी'. या खेपेला मोठ्या अक्षरांत.
"अगं, त्याला इंग्रजीच कळतं," मी वाल्दिव्हियाहून, फोनवर.
"मग माझी एकतीस वर्षं त्याला कशी कळायची?"
आणि बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, चष्मा शोधतेय.

एकतीस वर्षं म्हणजे चौदा वह्या.
चिलोएच्या पूर्व किनाऱ्यावर, खांबावर रंगवलेल्या आकड्यांपुढे
एर्सिरा मान्सिया रोज उभी राहिली.
भरती किती, ओहोटी किती,
पेन्सिलीनं, कारण शाई पावसात पळते.
विद्यापीठाला आता ते आकडे हवेत,
आणि वह्या ती कुणाच्या हाती देणार नाही.
म्हणून हे खातं.

मग पासवर्ड.
"काही उमटत नाही. कळफलक मेला."
उमटणारच नाही, आत्या. ठिपकाही नाही.
अंधारात लिही आणि एंटर दाब.
चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला.
"लाइट गेली की मी स्वेटर विणायचे, तसं."
तिसऱ्यांदा दार उघडलं.
आत एक चौकोन लुकलुकत होता, बाकी काही नाही.
"हे माझं घर?
बरंय. रिकामं झाडायला सोपं."

मग रोज.
आत शिरताना पहिली ओळ तिला सांगते,
काल किती वाजता आली होतीस, कुठून.
तिला ही ओळ फार आवडते.
"माझ्या सख्ख्या भावानं कधी इतकं लक्षात ठेवलं नाही."
सख्खा भाऊ म्हणजे माझे वडील.
मी चार वर्षांत बेटावर गेलेले नाही.

पण या तळघरात, पंख्यांच्या घोंघाटात,
कोण आत आहे ते मला दिसतं:
एर्सिरा, पहाटे पाच चाळीस.
कधी दोन-दोन तास, एक अक्षर न लिहिता.
आकडे संपलेले नाहीत, मला ठाऊक आहे.
मी विचारत नाही.
ओळ मध्येच तुटू नये
म्हणून एक सेटिंग तेवढं गुपचूप बदललंय.

ऑगस्टात आम्ही यंत्र बदललं.
नाव तेच, पत्ता तोच, आतून सगळं नवं.
पहाटे फोन.
"आज ते ओरडतंय. सगळ्या पडद्यावर 'अ‍ॅट'च्या खुणांची भिंत.
म्हणतं, ठसा बदललाय, मध्ये कुणी बसून ऐकत असेल.
मी पासवर्ड दिला नाही.
माझं घर मी असं वाऱ्यावर सोडत नसते."
जुनं गेलं, आत्या. नवं मीच बसवलं.
"आणि सांगायला विसरलीस."
हो.

"पहिल्या दिवशीचा ठसा आहे माझ्याकडे," ती म्हणाली,
"वहीत उतरवलाय. त्रेचाळीस अक्षरं.
तुझ्या नव्याशी कुठेच जुळत नाही."
नऊ वर्षं मी हे काम करते.
तो ठसा वाचणारं माणूस
मला एकही भेटलेलं नाही. मीसुद्धा नाही वाचत.

मग मी खुर्ची ओढली, यंत्रासमोर बसले,
आणि तिला नवा ठसा वाचून दाखवला.
मोठा आर. लहान व्ही. सात. तिरकी रेघ.
पलीकडे पेन्सिल खरखरत होती.
वारा फोनमध्ये शिरत होता, मध्येच ती "पुन्हा" म्हणायची,
मी पुन्हा.
मग तिनं मला वाचून दाखवला, पडद्यावरचा, बोट ठेवून.
मग जुनी ओळ पुसली.
मग 'येस', न विचारता.

"तारीख टाकली?" मी विचारलं.
"तारीख, वेळ," ती म्हणाली.
"पाणी चार मीटर दहा. वारा उत्तरेचा. यंत्र नवं.
आणि तुझं नाव.
कुणी सांगितलं, ते लिहावं लागतं."