माय गेनी ब्रेस

मंगळवारी, गुरुवारी, चॅपेलमागच्या खोलीत
मी फळ्यावर लिहिते: आय हॅव, ही हॅज.
पाठीमागे हीटर खोकतो. अर्ध्या तासाला वीस पेन्स खातो,
आणि ते वीस पेन्स कुणी टाकायचे
हाच आमचा संभाषणाचा तास.

शिलान विचारते, टीचर, हॅव म्हणजे धरून ठेवायचं?
मी मूठ मिटून दाखवते. हो, असं. साधारण.
ती स्वतःच्या मुठीकडे बघते, मग ती उघडते.
आमच्यात पैसे नुसते असतात, म्हणते.
पारेम हेये.
हेये!
मी खडू खाली ठेवते. अगं, हे तर आमचं हाय.
संगमनेरच्या बाजारात कुणालाही विचार,
हाय का? हाय.

पगार तासावर. तास मोजके.
सात वाजून गेले की मी दुकानात शिरते:
पिवळी चिठ्ठी लागलेला पाव, उद्या मरणारं दही,
एकदा चक्क अळू. ते अळू नव्हतं.
कायर्नार्वनची शेवटची बस मी सोडते.
घरी सांगते, चुकली.

आत्या पोस्टाची एजंट. चाळीस घरांची आरडी
पायी गोळा करायची, कापडी पिशवीत, आणि म्हणायची,
पैसा साठवायचा नसतो गं,
त्याला बसायला जागा द्यायची असते.
माझ्या कर्जाला जामीन म्हणून तिचीच सही,
शेवटच्या अक्षराला शेपटी असलेली.
दर महिन्याच्या पाच तारखेला ती शेपटी हलते.

नेरिस पॅरी, घरमालकीण, वय एकोणऐंशी,
पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या,
जेवताना इंग्रजी बोलली नाहीस
तर त्या दिवसाचा एक पौंड भाड्यातून वजा.
मी लगेच गप्प बसायला शिकले.
चार दिवस मुक्यानं सूप प्यायले.
शुक्रवारी वही उघडून त्यांनी चारही पौंड खोडले.
गप्प बसणं म्हणजे वेल्श नव्हे,
म्हणाल्या, इंग्रजीत,
आणि एक पौंड दंड स्वतःच्या नावावर लिहिला.

तेव्हापासून बटाटा. मीठ. दार लाव.
पेनी त्यांच्यात बाई निघाली,
आणि तिच्यापुढचा दोन हा आकडासुद्धा बाई.
दोघी, मी पुटपुटले.
काय? काही नाही, म्हटलं, आमच्याकडेही असतात.
मग कळलं, इथे शब्द तोंडाकडून वाकतो.
आमचा शेपटाकडून: घोडा, घोड्याला.
यांचा पैसा म्हणजे प्रेस, ओठ आपटून, कडक.
पण माझ्याकडे आहे म्हटलं की
ब्रेस.
माय गेनी ब्रेस.
आणि नाही म्हटलं तर परत प्रेस, टणक.
असला की मऊ, नसला की दगड.
इतकं नीट मला कुठल्या बँकेनंही सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात त्यांची बहीण गेली, पलीकडच्या बेटावरची.
सूप निवत होतं. माझ्याकडे होतं काय,
बटाटा, मीठ, दार लाव.
इंग्रजी ओठांशी आली. मी ती गिळली,
आणि खरं सांगायचं तर थोडीशी त्या पौंडासाठी गिळली.
मग भलतंच बाहेर पडलं:
आहे मी, नेरिसबाई. इथंच आहे. आहे.
त्यांनी माझी बोटं इतकी घट्ट धरली
की चमचा खाली पडला.

शुक्रवारी वहीत पाहिलं.
त्या दिवसापुढे एक पौंड वजा,
शेजारी पेन्सिलीनं काहीतरी, मला न लागणारं.

काल आत्याचा फोन.
किती राहिले गं?
सतरा हप्ते.
ते नव्हे, तुझ्याजवळ, हाताशी काही?
हाय, म्हटलं.
ती हसली. एवढ्या लांब जाऊन
गावठी झालीस की.