ओहोटीचं घर

एर्सिरा सुरी मागते, मी देतो.
तापवलेली सुरी. निळ्या पिंपाला लागली की
आधी वास, मग धूर, मग सरळ रेघ.
एकेक कौल निघतं, टोकाला अर्धगोल,
आजोबा आलेर्सेच्या लाकडातून काढायचे तसंच.
त्यांची कौलं पावसात राखाडी होत गेली,
माणसांसारखी.
ही निळीच राहणार,
बारशाला निळी, मयताला निळी.

चिलोएच्या या टोकाला समुद्र दिवसातून दोनदा
पार लांबवर मागे सरतो
आणि पोटातलं सगळं उघड्यावर टाकतो:
शिंपल्यांच्या शेतांचे पांढरे तरंगे,
सामन माशांच्या पिंजऱ्यांची जाळी, खाद्याची पोती,
गमबूट, बहुतेक डाव्या पायाचे, का कोण जाणे,
आणि दोर. दोर. दोर.

बहीण लुगा वेचायला जायची, ते लाल शेवाळ.
एका सकाळी टोपलीत
शेवाळापेक्षा दोर जास्त आला.
त्या दिवशी तिने तो फेकला नाही.
काय करतेस विचारलं, तर म्हणाली, "मोजतेय."

चार वर्षं मोजत होती.
शेजारचा अब्दोन कुंपणावरून म्हणाला,
उकिरडा घरात आणलास की गं.
ती म्हणाली, घरातच होता,
मी त्याला फक्त भिंती देतेय.

मी अकरा वर्षं त्या पिंजऱ्यांवर पाणबुड्या होतो.
उजव्या कानाने आता कमी ऐकू येतं.
बहिणीकडे मदतीला आलो तो काम नव्हतं म्हणून,
कलेबिलेसाठी नाही.

मंगळवारी हिरव्या दोराचं भेंडोळं सोडवताना
हात थांबला.
मी डावखुरा. माझी गाठ उलटी बसते,
शेवटचा पदर आत वळवलेला.
मुकादम हसायचा, पण सुटत नाही म्हणून चालवून घ्यायचा.
तीच होती. पिळांत बारीक शंख रुतलेले.
वादळाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला होता,
काप आणि सोडून दे, किनाऱ्यावर न्यायला बोट परवडत नाही.
मी कापला. सोडून दिला.
आणि इतक्या वर्षांनी
आमची अशी गाठ पडली.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे तर सुंभही कुजत नाही,
आणि पीळ माझ्या हातचा.

मी एर्सिराला दाखवली नाही. तिने पाहिलीच.
बोलली काही नाही.
तेवढा तुकडा घेऊन उंबऱ्यात बसवला,
जिथे आत जाणाऱ्याला पाय उचलावाच लागेल.

शनिवारी मिंगा.
पूर्वी खरी घरं अशीच जागा बदलायची:
खाली ओंडके, पुढे बैल, मागे अख्खं गाव,
शेवटी मालकाने सगळ्यांना जेवू घालायचं.
सहा बैल आणले. दोनच पुरले.
घर इतकं हलकं निघालं
की बैल जोर लावून तोंडघशी पडता पडता वाचले.
सगळे हसले.
मग अब्दोनने भिंतीला खांदा लावला,
एकट्यानेच ते हातभर सरकवलं,
आणि हसणं तिथेच थांबलं.

भरतीच्या रेषेवर ठेवलं.
बटाटे आणि शिंपले वाफवले, सगळ्यांना पुरले.
एका पोरीने विचारलं, इथे कोण राहणार?
एर्सिरा तिच्या ताटलीत आणखी एक बटाटा घालत म्हणाली,
आधी जेव.

रात्री पाणी चढलं. घर जमिनीवरून सुटलं,
तरंगू लागलं, दार समुद्राकडे वळलं.
किनाऱ्यावरच्या खुंटाला दोर मीच बांधला होता.
डाव्या हाताने.
कंदील घेऊन दोनदा जाऊन आलो.
सुटणार नाही, माहीत होतं.
तरी गेलो.