गोळाभात, भाताविना

कापसाच्या काट्यावर उभी राहिले, पोत्यासारखी.
झुंबरलाल अडत्या वाकून म्हणाला,
"पंचफुलाबाई, अठ्ठ्याऐंशी. ओल धरून."

डॉक्टरीणबाईनं चिठ्ठीवर भात खोडला, पोळी खोडली.
मी लांब रोट्यावाली.
पालथ्या मडक्यावर टाकण्याआधी माझी रोटी
कोपरापर्यंत लोंबते, सतरा गावांच्या मांडवात.

मंगळवारी फुलगोबी किसली,
फडक्यात पिळली, कढईत कोरडी केली, भात म्हणून.
बेसन मूठभरच, जवसाचा कूट, मेथी.
गोळे वर मांडले, झाकण घातलं.
भाताची वाफ गोळ्याला धरून ठेवते
हे तीस वर्षं रांधून कळलं नव्हतं.
गोबीत सगळे फुटले.
देवमन ताट पाहून म्हणाला, "हा तं झुणका हाय वो,"
आणि उठून आपला भात वाढून घेतला.

बुधवारी चाळणीवर वेगळे उकडले. टिकले.
वरून लसणाची, भिवापुरी मिरचीची फोडणी,
तेल तेवढं मोजून.
जीभ काही फसली नाही.
ठसका मात्र तोच, खरा, पार ओसरीपर्यंत.
देवमननं न बोलता
माझ्या ताटातले दोन गोळे उचलले.

ढोकांच्या लग्नात चाळीस किलो कणीक ताणली.
शेवटची रोटी फाटली. फाटलेली नेहमी माझी.
घडी करून पदराखाली घेतली,
घरी येईस्तोवर पोटाला ऊब लागत होती.
गाईला दिली.
अर्धी.

दिवाळी झाल्यावर पुन्हा काट्यावर. चौऱ्याऐंशी.
झुंबरलाल म्हणाला,
"ओल गेली असन."