परिच्छेद नऊ

माझ्या अर्जाचे एकंदर चौदा परिच्छेद.
लग्न कुठे लागलं : पाचपावली, समाजभवन.
मूलबाळ नाही. एकत्र राहणं कधी थांबलं.
बेस्याचा प्लॉट कुणाच्या पैशाने घेतला.
शेवटी सामानाची यादी :
आलमारी एक, शिलाई मशीन एक,
कूलर एक, पंपासहित.

परिच्छेद नऊ मी सांगितलाच नव्हता.
तो वकीलबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून होता,
फक्त नावं बदलायची.
"सामनेवाला याने अर्जदाराच्या माहेरच्या माणसांची
आजारपणातही कधी विचारपूस केली नाही."
मी वाचला, आणि सही केली.
खाली छापलेलं होतं :
माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे.

त्याच महिन्यात हेमराजला कंपनीनं काढलं.
बुटीबोरीची सूतगिरणी, अकरा वर्षं रिंगफ्रेमवर.
चौकशीत काहीच बोलला नाही म्हणे.
तो तसाच. भांडणातही अर्धं वाक्य गिळायचा,
उरलेलं अर्धं मी रात्रभर पुरं करत बसायची.

मे महिना. सिव्हिल लाइन्सचं कोर्ट,
डोक्याला दुपट्टा बांधून तो जिन्यात उभा.
"एक कागद पायजे होता तुह्याकडून."
आरोपपत्र पुढे केलं.
विनापरवानगी गैरहजर, सलग चार रात्री,
ऑगस्ट, एकोणीस ते बावीस.

तारखांवरून मी बोट फिरवलं.
तेवीसला पहाटे बाबा गेले.
त्याआधी मेडिकलचा वॉर्ड, खिडकीजवळचा पलंग,
रात्री एकाच माणसाला पास.
मी घरी जाऊन झोपायची.
पास हेमराजच्या खिशात, घामाने भिजलेला,
त्याची जांभळी शाई पांढऱ्या शर्टाला लागली होती.
दोनदा धुतला मी तो डाग.

"चौकशीत काऊन नाही सांगितलं?"
"मेलेल्या माणसाचं नाव
त्याइच्या टेबलावर काऊन ठेवू?"

वकीलबाईंनी चष्मा काढला.
दोन शपथपत्रं, सही एकच, मजकूर उलटा?
उलटतपासणीत सोलून काढतील तुम्हाला.
नऊ गेला तर क्रौर्यात उरतं काय?
आणि प्लॉटचं काय?

मी म्हटलं, काढा.
मग जे खरं होतं ते सांगायला घेतलं
तर त्याचा परिच्छेद होईना.
या माणसानं बाबांची लघवीची पिशवी रिकामी केली,
आणि हाच माणूस तीन-तीन आठवडे
माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही.
टाइप करणारा मुलगा बोटं उचलून थांबला.
पुढे काय लिहू, ताई?

"मग संमतीनेच घ्या," बाई म्हणाल्या,
"सहा महिने थांबायचं. कायदा वेळ देतो
डोकी थंड व्हायला."
बाहेर सत्तेचाळीस होतं.

कडुनिंबाखालच्या नोटरीनं शिक्का फुंकला.
"कामगाराच्या तुम्ही कोण?"
मी पत्नी लिहिलं.
त्या दिवसापुरतं तरी तेही
माझ्या माहितीप्रमाणे खरंच होतं.

जाताना हेमराज म्हणाला, "कूलर तूच ने."
यादीत आहे, मी म्हटलं, निकाल लागला की नेईन.
तोवर खस बदल त्याची,
पंपाची जाळी साफ कर, पाणी ओढत नाही.
अकरा वर्षं रातपाळी केलेला माणूस,
दिवसा झोपायची सवय
अजून गेली नसेल.