अक्षरी रुपये

आकड्यांशी माझं कधीच भांडण नव्हतं.
सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीवर
एकोणीस वर्षं पट्ट्या करतेय मी.
तोलाई, हमाली, दलाली, सगळं बोटांवर.
पण चेकवर ती एक ओळ असते ना,
'अक्षरी रुपये',
तिथं हात थांबायचा.
सत्त्याहत्तर की सत्त्याऐंशी?
सदुसष्टच्या शेवटी ट की ठ?

बँकेनं एकदा चेक परत धाडला.
शेठ काही बोलले नाहीत,
चष्मा काढून पुसला फक्त.
ते जास्त लागलं.

शीतल मगदूम त्या दिवशी
प्रिंटरची रिबन बदलायला आला होता.
(शीतल म्हणजे बाप्या. आमच्याकडं असतात.)
म्हणाला, एका संध्याकाळचं काम आहे अक्का,
आकडा टाकायचा, अक्षर काढायचं.

चार महिने लागले.
इंग्रजीत वीस-पंचवीस नावं पाठ केली
की पुढं नियम ओढून नेतो.
मराठीत एकोणची गाडी एकोणनव्वदला थांबते,
नव्व्याण्णवला ज्यानं त्यानं पायी जायचं.
शंभर जणांची भावकी
आणि एकाचं नाक दुसऱ्यासारखं नाही.
तो वही घेऊन हिंडला.
रिटायर मास्तरांनी त्रेसष्टवरून तासभर झापलं.
मल्लू ऐवळे, आमचा हमाल, म्हणाला,
आम्ही एक म्हणतच नाही साहेब.
पहिल्या पोत्याला लाभ,
मग दोन, मग तीन.
शीतलनं तेही लिहून घेतलं, उगाच.

शेवटी जे झालं ते एवढुसं:
करडी खिडकी, एक चौकोन, एक बटण.
लग्नाच्या एका फोटोच्या जागेत
असली पन्नास मावतील.
'मदत' दाबलं तर लिहिलेलं,
हाक मार, मी गणपती पेठेतच असतो.

त्यानंतर पुष्कळ काही बसवलं त्यानं.
जुन्या फॉन्टातल्या पावत्या उघडल्या की मुंग्या दिसायच्या,
त्या मुंग्यांची अक्षरं करणारं एक.
चारशे फायलींची नावं एका दमात बदलणारं एक.
पैसे विचारले तर म्हणायचा, चहा सांगा.
तासगावचा बेदाणेवाला पेनड्राइव्हवर घेऊन गेला,
मग कुठली पतसंस्था, मग त्याचा साडू.
शेठना आवडायचं नाही.
आपली वस्तू गावभर कशाला?

एकोणीस सालच्या पुरात
कम्प्युटर तीन दिवस पाण्यात उभा होता.
उघडला तर आत गाळ,
आणि गाळालाही हळदीचा वास.
सगळं गेलं.
दहाव्या दिवशी तासगावचा फोन,
अक्का, ते अक्षरी आमच्याकडं आहे, पाठवू का?
आलं ते तसंच्या तसं,
करडी खिडकी, एक चौकोन,
गणपती पेठेतच असतो.

शीतल आता कुपवाडात सोलर पंपाचे पार्ट विकतो.
फोन केला तर म्हणाला,
अजून चालतंय व्हय ते?
आणि थोडा वेळ गप्पच बसला.

परवाची गोष्ट.
अठ्ठेचाळीस हजारांचा चेक करायचा होता,
कीबोर्ड जुना, चार दबलाच नाही,
बोट घसरून नुसता एक पडला
आणि माझ्याकडून बटण दाबलं गेलं.
एक रुपयाचा चेक कोण काढतो?
इतक्या वर्षांत एकटा एक
कधी टाकलाच नव्हता मी.

चौकोनात आलं:
लाभ.

डोळे चोळले. पुन्हा दाबलं. लाभ.
मग दोन टाकून बघितला.
दोनच आला, साधा.

मल्लूला सांगावं म्हणून उठले.
तो आता येत नाही, गुडघे गेलेत,
त्याचा पोरगा येतो.
पोरगा दारातच होता, पाठीवर पोतं.
म्हटलं, उतरू दे आधी.