हातांचं पाणी

संध्याकाळी सहाला मागच्या पडवीत
सगळ्यांनी एकाच घंगाळात हात धुवायचे,
ही पोकळ्यांच्या कारखान्याची शिस्त.
केस विंचरायचे तेही घंगाळावर वाकून,
पदर झटकायचा, नखं घासायची,
आणि मग रिकाम्या हातांनी घरी.
पहिल्या दिवशी मी ते पाणी
माडाच्या आळ्यात ओतायला निघाले
तर बाबीशेट ओरडले,
"गो चेडवा, ह्यां पाणी नाय, दागिनो आसा!
फकत अजून घडाक नाय."

मी सतरा वर्षांची, वेंगुर्ल्याच्या गाबितवाड्यातली.
जाळी सांधून सांधून बोटांना दोरा कळायचा
म्हणून ओवायचं काम मिळालं.
थोरले बाबीशेट तराजूवर,
मधले न्हानू बागेसरीपाशी,
करवंटीच्या कोळशावर फुंकणीनं
गाल फुगवून डाक लावणारे.
धाकटे उल्हास वहीवर. वहीत गुंजसुद्धा सांडायची नाही.

वजन करायचं असलं की आधी खिडक्या बंद.
बंदरावरचा वारा पारड्यात बसायचा
आणि फुकट सोनं व्हायचा.
"वारो इलो, झडप लाव!"
मग सगळं घर श्वास धरून.
माजघरातली फोडणीसुद्धा थांबायची
काटा मध्यावर येईपर्यंत.

आणि ती मोहनमाळ, शिरोड्याच्या लग्नाची.
एकशे बेचाळीस मणी मोजून दिलेले.
ओवून झाली, एकशे एक्केचाळीस.
पुन्हा मोजले.
पुन्हा.
चटया झटकल्या, बागेसरीची राख चाळली,
मांजराला कोंडून ठेवलं दोन दिवस.
उल्हास म्हणाले, डबा उघड.
डब्यात बांगड्याचे काटे होते.
बाबीशेट काहीच बोलले नाहीत,
फक्त त्या संध्याकाळी मी हात धुतले
तेव्हा ते घंगाळापाशी उभे होते.

तिसऱ्या दिवशी मोगूवहिनी आतून आल्या,
ओल्या तळव्यावर एक मणी.
"घे. मोरीत गावलो."
घेतला. सुई घातली,
तर भोकातून काळी वळी निघाली,
तेलाची, घामाची, कित्येक वर्षांची.
नव्या मण्यांची भोकं कोरी असतात.
मी वर पाहिलं,
त्या खिडकी लावत होत्या. वारा नव्हता.

त्यांच्या लग्नातली मोहनमाळ, त्याच साच्यावरची,
दर दिवाळीला माझ्याकडे यायची, दोरा बदलायला.
मी मोजायची, मनात, ओठ न हलवता.
एक कमी.
अकरा दिवाळ्या एक कमी.
फासा आवळून द्यायची
आणि त्या म्हणायच्या, बरी बसली हो.

पुढे मुंबईहून यंत्रावरच्या बांगड्या येऊ लागल्या
मखमलीच्या डब्यांतून, किमतीची चिठ्ठी लावून.
न्हानूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
भावांनी आधी चूल वाटली, मग ऐरण.
(ऐरण कशी वाटतात? ती उल्हासांना गेली,
हातोडा बाबीशेटना.)

शेवटी कोल्हापूरचा झारेकरी आला.
पंधरा वर्षांची सारवलेली जमीन उकरून
चार पोती माती विहिरीवर धुतली त्यानं.
काय निघालं ते आत सांगितलं, खिडक्या लावून.
त्यात एखादा अख्खा मणी होता का,
मी विचारलं नाही.
मोगूवहिनी तोवर गेल्या होत्या,
आणि विचारून कोणाच्या वहीत
कोणाचं नाव खोडायचं होतं?

आता कुडाळात लेकीच्या घरी असते.
काल सुंगटं, आज पालू साफ केली,
पातेल्यात हात बुडवून धुतले.
तळाशी खवले बसले,
उन्हात असे काही चमकले
की पाणी ओतायला हात उचलेना.
लेक मागून म्हणाली,
"आई, फेक ना ते. वास येतोय."