एकोणीस मिलिमीटर

खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, झाकणावर प्लास्टिक बांधलेलं,
तरी ऐन द्राहमपासून बेजापर्यंत
सगळ्या लुआजला रिहानचा वास.
ड्रायव्हरने काच खाली केली. म्हणाला,
कबरीवर ठेवायला ताजी डहाळी नेतात, पोरी,
हा अर्क कशाला?
म्हटलं, जंतू मारायला.
बू सालेमचा पूल येईपर्यंत तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

साठ किलो पाला, तांब्याचं पिंप,
बुचाच्या ओकाचा जाळ, तीन तास वाफ,
आणि शेवटी पाण्यावर एक पिवळसर पापुद्रा.
पाण्याचा पेला भरेल न भरेल एवढा.
मब्रूका आत्या तो पिसाने टिपून घेते.
खालचं पाणी गिऱ्हाइकांना,
तेल माझ्या प्रयोगशाळेला.
पावती नको म्हणते.
पावती म्हणजे भांडणाची तयारी.

आधी जांभळं द्रावण.
त्यातल्या रेणूंचा एकेक इलेक्ट्रॉन हरवलेला,
दिसेल त्याचा हिसकावून घेतील असे वखवखलेले.
त्यांचेच भाऊबंद लोणी खवट करतात,
आत्याच्या गुडघ्यांतही बहुधा तेच बसलेत.
मी तेल सोडते, अर्धा तास अंधारात ठेवते.
जांभळं विरतं. पिवळं होतं.
म्हणजे आत कुणीतरी पदरचा इलेक्ट्रॉन देऊन टाकला
आणि देऊनही कोलमडला नाही.
यंत्र एवढ्याला टक्के म्हणतं.

मग आगरच्या बशा.
पहिलीवर स्टॅफिलोकोकस, सोनेरी,
दुधावर साय धरावी तसा पसरलेला.
मधोमध तेलात भिजवलेली कागदाची टिकली.
सकाळी बघते तर टिकलीभोवती खळं,
चंद्राला पडतं तसं, स्वच्छ, काठ रेखलेला.
एकोणीस मिलिमीटर.
नियमाप्रमाणे दोनदा मोजलं,
तिसऱ्यांदा उगाच, हौसेने.

दुसरी बशी जंदूबाच्या इस्पितळातली.
हिरवट. झाकण किलकिलं केलं
की पिकल्या द्राक्षांचा गोड वास.
टिकली सहा मिलिमीटर,
खळं सहा मिलिमीटर.
कागदाने आपलंच माप मला परत दिलं.
स्यूडोमोनास टिकलीच्या काठापर्यंत आला होता,
दुपारच्या सावलीत भिंतीला टेकून बसतात
तसा निवांत.

शुक्रवारी डोंगर चढून गेले.
आत्या पिसं धूत होती.
सांगितलं, एकावर चाललं, एकावर नाही.
कुठल्यावर नाही?
हिरवा असतो तो.
तिचे हात पाण्यातच राहिले.
द्राक्षांचा वास येतो का गं त्याला?

मी सूसला शिकत होते तेव्हा.
हम्दा आतोबाच्या टाचेचं मला फोनवर कळायचं,
तेही लग्नाकार्याच्या बातम्यांच्या मधे.
अकरा आठवडे तिने याच तेलाने ती टाच धुतली,
अकरा आठवडे इस्पितळाची गाडी
खालच्या रस्त्याने येत-जात होती.
पट्टी सोडली की हिरवी, ती म्हणाली,
मला वाटायचं, रिहानचाच रंग उतरलाय.

सांगता आलं असतं
की एका बशीवरून कुणाचं मरण ठरत नाही,
की साखर होती त्यांना, वय होतं.
जांभळ्याचं पिवळं होतं तेही सांगता आलं असतं.
यातलं मी काहीच बोलले नाही.
पिंपाखाली एक लाकूड सरकवलं,
ते ओलं निघालं, नुसता धूर.

दाखव, म्हणाली.
बशी बाहेर नेता येत नाही. फोनवर फोटो होता.
दुसऱ्या बशीवरून तिची नजर घसरली,
पहिलीवर थांबली.
ओला अंगठा आणि तर्जनी
तिने खळ्याच्या दोन काठांवर ठेवली,
दुकानात बटण मापतात तशी.
एवढीच होती, विदाद. सुरुवातीला एवढीच.

मग बोटं जराशी फाकली,
आणि काचेवर ते खळं
मोठं होत गेलं.